गोठ्यातलं विद्यापीठ

जालन्याच्या पाद्रीसाहेबांनी मिशनच्या आवारात तीन खोल्या बांधल्या आणि फाटकावर पाटी लावली, 'विद्यापीठ'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पुस्तकाची एकेकच प्रत, तीही कुलपात. म्हणून सगळं ज्ञान आम्ही दौत-टाक घेऊन वह्यांत उतरवून आणायचो. सरकारी शाळेत उर्दू शिकवत, आणि गावातल्या मस्तगड भागात कापड विकणाऱ्या आमच्या वडिलांना मुलगा इंग्रजी बोलणारा हवा होता. पाद्र्याची इंग्रजी त्यांना चालायची, पाणी चालत नव्हतं.

म्हणून घरचा कायदा असा: परत आलो की गोठ्यात कपडे बदलायचे, आंघोळ करायची, मगच उंबरठा ओलांडायचा. वह्यांना आंघोळ घालता येत नाही, म्हणून त्या गोठ्यातच राहायच्या. अभ्यासही तिथंच, आणि अभ्यासानंतर पुन्हा आंघोळ. माझ्याइतका स्वच्छ विद्यार्थी साऱ्या निजामशाहीत नसावा. आमच्या म्हशीच्या कानावर जेवढं बायबल पडलं, तेवढं रविवारच्या भक्तांच्याही पडलं नसेल. ते प्रार्थनेत डुलक्या घ्यायचे.

म्हशीबरोबर आणखी एकजण ऐकायची. माझी आत्या. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. धार काढता काढता एकदा म्हणाली, "मला बी अक्षरं शिकव की रे."

वडिलांनी ते ऐकलं. "त्या बाटलेल्या वह्यांना हात लावायचा न्हाई, अक्का. त्या घरात येणार न्हाईत."

आत्यानं वाद घातला नाही. वाद घालणारी माणसं आमच्याकडे भरपूर होती, कामं तिच्याकडे होती.

परीक्षा तोंडावर आली होती. दुपारी घरी येतो तर माझ्या साऱ्या वह्या अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या. आत्यानं त्या विहिरीच्या पाण्यात खळखळून धुतल्या होत्या, वर गोमूत्रही शिंपडलं होतं. पानापानावर नुसता निळा डाग उरला होता.

"बिलकुल शुद्ध करून टाकल्या," ती म्हणाली.

मी बोंब ठोकली. वडील धावत आले. त्यांनी एक वही हुंगली आणि समाधानानं म्हणाले, "बराबर हाय. आता घेऊ द्या घरात." अक्षरं होती तोवर वह्या गोठ्यात होत्या, अक्षरं गेली तशा त्या देवघराशेजारच्या कोनाड्यात मानानं जाऊन बसल्या. पुढं मी व्यवस्थित नापास झालो. पाद्रीसाहेबांनी क्षमेवर प्रवचन दिलं, गुण मात्र दिले नाहीत.

वह्या धुतल्या त्या दिवशी आत्याचा मला भयंकर राग आला होता. संध्याकाळी ती त्यातलीच एक वही घेऊन, हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आता तर शुद्ध हाय नं? मंग काढ माझं नाव. कसं दिसतं ते बघू दे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी टाक दौतीत बुडवला आणि हात तसाच थांबला. मी तिला आत्या म्हणायचो, आई वन्सं म्हणायची, वडील अक्का म्हणायचे. तिचं नाव मला माहीतच नव्हतं.

मी वडिलांना विचारलं. त्यांनाही जरा वेळ आठवावं लागलं.