फौजदारानं मागितलेली कॉपी

रॉकेलचा वास आला की आणीबाणीतला कोल्हापूरचा तो छापखाना आठवतो. लॉकअपमध्ये पोलिसांनी एका कार्यकर्त्याला बडवल्याची बातमी मी निनावी लिहिली होती. ती छापून आली त्याच दुपारी फौजदार आला आणि म्हणाला, “कॉपी द्या.” संपादकांनी छापील अंक पुढं केला. “ही न्हवं, हातानं लिवलेली.” वर्तमानपत्रात दोन्हींना कॉपीच म्हणतात, आणि दुसरीत माझं अक्षर होतं. छपाईचे खिळे पुसणारा, अक्षरं जुळवणारा जुळारी शांतपणे म्हणाला, “सायेब, छापून झालं की कॉपीनंच शाई पुसतो आमी,” आणि त्यानं रॉकेलनं भिजलेला काळा बोळा दाखवला. फौजदारानं तो उलगडून पाहिला, फेकला आणि माझ्याकडं वळला. “अक्षर पुसलं, पावणं. हात ऱ्हायलाय की.” त्या मारकुट्यांना पुढं बढत्या मिळाल्या, मी मात्र अजूनही कुणी कॉपी मागितली की आधी दाराकडं बघतो.