बंद डब्याचा वास

“हिचा डबा बाहेर. आणि हिलाही बाहेरच बसव. यंत्रांना वास लागेल.”

लॅबचे प्रमुख असलेले सर हे मला बोलले नाहीत. शिपायाला बोलले. मी समोर उभी, हातात डबा, झाकण अजून उघडलंही नव्हतं. सगळी लॅब हसली.

डब्यात सुकट होती, वाळवलेली बारीक मासळी. आईनं सकाळी कांदा घालून परतलेली. आदल्याच दिवशी एकाच्या डब्यातल्या लसणीच्या फोडणीला सर ‘वा, काय घमघमाट!’ म्हणालेले. त्या वासानं यंत्रं बिघडली नव्हती.

मी कोपर गावची. आगऱ्याची पोर. बाप मिठागरावर राबलेला. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला वर्गात दुसरी आलेले, म्हणून ठाण्याच्या या कंपनीत लागलेले. नव्वदीचं दशक अर्धं सरलेलं. बँकांचे फोनच्या तारेवरून जाणारे संदेश मधल्या कुणाला वाचता येऊ नयेत, असे गुंतवून टाकणारं यंत्र आम्ही बनवायचो. ते आठ गुप्त आकड्यांनी उघडायचं. त्याचा प्रोग्राम सरांचा. फार जलद, म्हणून सरांना भारी गर्व.

त्या दिवसापासून माझं स्टूल पॅसेजमध्ये, संडासाच्या दाराशेजारी. विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणारा एक जुना ऑसिलोस्कोप दिला आणि सांगितलं, यंत्रं तपासत बस. तपासत बसले. डोकं मात्र त्या डब्यातच अडकलेलं. झाकण बंद होतं ना? मग आत काय आहे ते यांना कळलं कसं? वासावरून. बंद डब्यातूनही काहीतरी बाहेर येतंच. मग या बंद यंत्रातून काय येत असेल?

बाहेर येत होता तो वेळ. पहिलाच आकडा चुकीचा टाकला की यंत्र पटकन नाही म्हणायचं. पहिला बरोबर, दुसरा चूक, तर किंचित उशिरा. इतका किंचित की डोळ्याला कळणार नाही, पण ऑसिलोस्कोपवर दिसायचा. सरांचा प्रोग्राम पहिली चूक सापडली की तिथंच थांबायचा. म्हणून तर जलद! मी एकेका जागी दहा आकडे टाकून बघितले आणि उशीर वहीत लिहिला. ज्याला दहा कोटी वेळा खटपट करावी लागली असती, ते कुलूप मी ऐंशीच्या आत उघडलं. दुसरं यंत्र घेतलं. तेही उघडलं.

मग सुट्या बोर्डावर प्रोग्राम बदलून बघितला. चूक सापडली तरी थांबायचं नाही, आठही आकडे तपासायचे, मगच उत्तर द्यायचं. आता प्रत्येक वेळी उत्तराला तेवढाच वेळ. यंत्र मंदावलं, पण नावापुरतंच. ती सगळी मोजणीही वहीत उतरवली.

वही घेऊन सरांकडे गेले. दारातच उभं केलं.

“सर, यंत्र फुटतंय.”

त्यांनी दोन पानं उलटली. “हे काय, मिठागरावरच्या गोण्या मोजल्यास का? तुला यातलं काय कळतंय? जा, काम कर.”

मी गेले. गेले, हीच माझी चूक. वर लॅबमध्येच काम करणाऱ्या सरांच्या भाच्यानं दुसऱ्या दिवशी वही ‘जरा बघायला’ मागितली, आणि मी दिलीसुद्धा. मूर्खासारखी! दुपारी परत आली, तर मला बरं वाटलेलं.

दोन महिन्यांनी ठाण्यातल्याच एका सभागृहात परिसंवाद होता. बँकांची माणसं, कॉलेजांचे प्राध्यापक. मला नेलेलं प्रोजेक्टरवरच्या ट्रान्सपरन्सी, म्हणजे छापलेले पारदर्शक कागद, बदलायला. पहिली ठेवली. शोधनिबंधाचं नाव, खाली सरांचं नाव, त्याखाली भाच्याचं. दुसरी ठेवली. माझे आकडे. एका जागी मी नऊच्या जागी सात लिहिलेलं, ती चूकसुद्धा तशीच छापलेली.

एक म्हातारे प्राध्यापक उठले. “आठही आकडे तपासायचे तर यंत्र किती मंदावतं? त्याची मोजणी दाखवा.”

सर भाच्याकडे बघायला लागले. भाचा जमिनीकडे. त्यानं वहीतला उपाय उचललेला, पुढच्या पानांवरची त्याची मोजणी उतरवलीच नव्हती. सर माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, “वही दे.”

वही माझ्या पिशवीत होती.

“नाही देणार.”

“लॅबची मालमत्ता आहे ती.”

“पॅसेजमध्ये लिहिलीय, सर. लॅबमध्ये तुम्ही मला बसू दिलं नव्हतं.”

हळू नाही बोलले. सगळ्यांना ऐकू गेलं. मी प्राध्यापकांकडे वळून म्हटलं, “ही मोजणी माझी आहे. यावर माझं नाव नाही, म्हणून पुढची ट्रान्सपरन्सी मी लावणार नाही.” प्रोजेक्टर बंद केला. चहाच्या कपांमधून वाट काढत मी बाहेर आले.

नोकरी गेली. ‘चुकून उद्धट बोलले’ असं लिहून दे, परत घेतो, असा निरोप आला. आई म्हणाली, “जाऊ दे गो पोरी, मोठी मानसं ती.”

नाही जाऊ देणार. वहीच्या पहिल्या पानावर बापाच्या नावासकट माझं पूर्ण नाव लिहिलंय, खाली गाव कोपर. शोधनिबंध मी लिहायला घेतलाय, एकटीच्या नावानं. एका नियतकालिकानं परत पाठवला, तर दुसऱ्याकडे धाडीन. आणि यापुढे ज्या टेबलावर माझा डबा चालत नाही, त्या टेबलावर माझा एक आकडाही जाणार नाही.