नाक्यावर ठेवून घेतलेली बंदूक

परवा निवडणुकीसाठी परवान्याच्या बंदुका पोलीस चौकीत जमा होताना पाहिल्या आणि निजामाच्या काळातला जालन्यापुढचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आठवला. मी तिथं कारकून होतो. नाका ओलांडला की इंग्रजांचं वऱ्हाड लागायचं आणि आपल्या राज्याचा बंदुकीचा परवाना तिथं चालायचा नाही. एका टळटळीत दुपारी एक शेतकरी बायकोला घेऊन बैलगाडीतून आला. बंदूक त्याच्या मांडीवर होती. "साहेब, वावरापायी भाऊबंद जीवावर उठलेत. सासुरवाडीला चाललो, तर मागं लागून राह्यलेत. बंदूक संगं असू द्या." मी म्हणालो, "तिकडचा परवाना न्हाई, मंग इथंच ठेवा. येताना बराबर मिळंल." पावती लिहून दिली. गाडी नाक्यापुढच्या चिंचांच्या पलीकडं गेली आणि थोड्याच वेळात बाईची किंकाळी आली. धावत गेलो तर तो फुफाट्यात पडला होता, मान कुऱ्हाडीनं अर्धी तुटलेली, आणि रक्ताच्या वासानं बैल जू मोडायला निघालेले. मारेकरी पसार झाले होते. तेरावा झाल्यावर त्याची बायको पावती घेऊन आली. "परवानेवाला मेला की बंदूक सरकारजमा होते," मी तिला सांगितलं. तिनं कागदांवर ठेवलेला दगड उचलून माझ्या कपाळात घातला. नाक्यावरचा जमादार तिला धरायला धावला, तेव्हा रक्त पुसत मीच म्हणालो, "जाऊ द्या तिला." त्या मोठेपणाचं समाधान मी पुष्कळ वर्षं बाळगलं. पण त्याच संध्याकाळी कपाळाला फडकं बांधून बंदूक सरकारजमा लिहिली, तीही मीच.