अकरा मणी आणि तोकडी बाही

समजा, तुमच्यासमोर कापडाचा एक तुकडा आहे. चंद्रकोरीच्या आकाराचा, वीतभरालाही थोडा कमीच. मधोमध मोजला तर सहा सेंटीमीटर रुंद, टोकांना काहीच नाही. आता यातून पाच सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ कापा. काठाने बारीक धावदोरा घाला, मधे लाकडी मणी ठेवा आणि दोरा ओढा. कापड मण्यावर घट्ट बसलं पाहिजे, एकही चुणी दिसता कामा नये. दिसली ना? उसवा. पुन्हा घाला. चौथ्या खेपेला जमलं तर तुम्ही माझ्या मावशीपेक्षा हुशार, कारण तिला सातव्या खेपेला जमलं होतं. आणि हे सगळं झाल्यावर शेजारून कुणीतरी म्हणेल, "वा, टाकाऊतून टिकाऊ." तेव्हा हसून मान डोलवायची. या कामातला सगळ्यात अवघड टप्पा तो.

मावशीला तो अजून जमलेला नाही. टाकाऊ कोण म्हणालं, असं ती समोरच्याला तोंडावर विचारते. तिचं म्हणणं, लोकांना तिचं काम म्हणजे घरातली अडगळ पोचवायचं ठिकाण वाटतं. कुणी शेजारीण तुटका कंगवा आणून देते, दुसरी एका काडीचा चष्मा, तिसरी नुसतंच बंद पडलेलं कुलूप. "तुझ्या काहीतरी कामाला येईल गं." टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, असं घरात जे जे असतं ते मावशीच्या खुर्चीवर येऊन बसतं. मग मावशी उभी.

ही खुर्ची काकांच्या, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या, दुकानात, दाराजवळ. काका शिंपी. एक खोली, दोन मशिनं, मधे कापड बेतायचं मोठं टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांची गोणी. गल्लीत त्यांना सव्वादोन म्हणतात. ड्रेस कुणाचाही असो, घालणारी अंगाने कशीही असो, काका मान वर न करता सांगणार, "सव्वादोन मीटर आणा." शिंपी पाव मीटर जास्तच मागतो असं साऱ्या जगाला वाटतं, त्यामुळे त्या नावात थोडा टोमणाही आहे. काकांना तो कळतो. म्हणूनच त्यांचा नियम कडक: वीतभर किंवा त्याहून मोठा तुकडा उरला तर तो घडी घालून ड्रेसबरोबर परत जाणार. वीतभराहून लहान असेल तो गोणीत. गोणी भरली की गॅरेजवाला हात पुसायला घेऊन जायचा.

मावशीने या दुकानात बावीस वर्षं काजं-बटणं आणि तुरपाई केली. ड्रेस अंगावर चढला की गिऱ्हाईक आरशात बघून म्हणायचं, "काका, काय शिवलंय." बटणाबद्दल कधी कुणी काही बोललं नाही. बटण तुटलं तरच मावशीची आठवण यायची.

मग शेजारच्या टॅक्सीवाल्याने सीटवरचं मण्यांचं जाळं बदललं आणि जुनं तिच्या खुर्चीवर आणून टाकलं. पहिल्यांदा मावशी चिडली. मग तिने एक मणी हातात घेऊन पाहिला. चांगला गोल, गुळगुळीत लाकडाचा. टेबलाखाली गोणी होतीच. महिन्याभरात काकांनी दाराला काचेचं छोटं कपाट ठोकून दिलं. त्यात कापडी मण्यांच्या माळा, बटणांचे कानातले, भेट द्यायला छोटे बटवे. आणि दुकानात लोक आत येऊन विचारू लागले, "मावशी आहेत का?" बावीस वर्षांत पहिल्यांदाच. पुढचं सगळं नीट कळायला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

एक दिवस सकाळी गल्लीतली औषधवाली आपला पांढरा कोट घ्यायला आली. गळ्यात मावशीची माळ: हिरवं रेशमी कापड, त्यावर बारीक पांढरे पक्षी, अकरा मणी. त्याच वेळी दुकानात शाळेतल्या गणिताच्या बाई उभ्या होत्या. बाईंनी माळ बोटांत धरली.

"हे माझे पक्षी आहेत."

ते खरंच होतं. दोन महिन्यांपूर्वी बाईंनी ते कापड आणलं होतं. बहिणीने भेट पाठवलेलं, दोनच मीटर. काकांनी तेव्हाच सांगितलं होतं की कापड कमी पडेल, बाही कोपराच्या वरच थांबेल. बाईंना मनगटापर्यंत हवी होती. नाइलाजाने हो म्हणाल्या होत्या, आणि तो ड्रेस घातला की दर वेळी बाही खाली ओढत बसायच्या.

"मला म्हणालात कापड कमी पडलं."

"पडलंच की, बाई."

"मग हे काय?"

"हे उरलेलं."

बाईंनी काकांकडे वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं. "कमी पडलं आणि उरलं? दोन्ही एकदमच?"

आता शिंप्याला विचाराल तर दोन्ही एकदमच होतं, रोज होतं. गळ्याचा आकार कापला की मधला तुकडा निघतोच. बाही जोडायला पुढे-मागे खांद्याशी जे चार मुंढे कापतात, त्यांच्या चार चंद्रकोरी निघतात. त्या तुकड्यांची बाही होत नाही. पण काका बोलण्यात कच्चे. ते "तसं नसतं" एवढंच म्हणाले, आणि तसं नसतं म्हणणारा माणूस चोरच वाटतो. बाई निघून गेल्या. एक साधी बेतणी काकांच्या अब्रूवर बेतली.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकं कापड टाकून जाईनात. टेबलापाशी उभी राहून कात्रीकडे बघत राहायची. एका बाईने स्वतःची टेप आणली. एक आजोबा विजारीचे कातरे, म्हणजे कापून उरलेले तुकडे, मागायला आले, आणि विजार शिवून वर्ष झालं होतं. तिसऱ्या दिवशी काकांनी एक कॉलर उलटी कापली. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. कात्री खाली ठेवून ते मावशीला म्हणाले, "ते कपाट काढ."

मावशी म्हणाली, "अहो, काढलं की आपणच कबूल केलं असं होईल."

"मग काय करू? दारात पुरावा टांगून ठेवू?"

"पुरावाच आहे तो. आपल्या बाजूचा."

ती तडक औषधवालीकडे गेली आणि माळ परत मागितली. औषधवालीने आधी गळ्याला हात लावला. मी ही हौसेने घेतलीय, पुरावा म्हणून नाही, असं तिने बजावलं. मग तीही बघायला आली, कारण गल्लीत एवढं काही घडत असताना औषधं विकत कोण बसणार? बाईंना बोलवायला मावशी स्वतः शाळेत गेली. त्या मधल्या सुट्टीत आल्या. अंगात तोच ड्रेस होता, मुद्दाम.

मावशीने माळ उसवली. एक मणी उसवायला दोन मिनिटं लागतात, अकरांना किती ते बाईंनी मनातल्या मनात केलंच असणार, कारण त्या घड्याळाकडे बघून स्टुलावर बसल्या. प्रत्येक वर्तुळ मावशीने इस्त्रीने सपाट केलं. काकांनी बाईंच्या मापाची कागदी बेतणी टेबलावर पसरली. ते प्रत्येक गिऱ्हाइकाची बेतणी नाव घालून ठेवतात, त्याबद्दल मावशी त्यांना आजवर नावंच ठेवत आली होती.

गळ्याच्या पोकळ जागेत तिने वर्तुळं मांडली. वर तीन, खाली तीन, तळाशी एक. सात. उरलेली चार मुंढ्यांच्या चार पोकळ्यांत, एकेक. त्या चारही वर्तुळांच्या काठाशी उलट बाजूला निळ्या खडूची पुसट रेघ होती, काकांनी बेतताना मारलेली, आणि ती कागदावरच्या वळणाला अचूक जाऊन मिळत होती. म्हणजे माळेतलं सगळं कापड कापून निघालेल्या जागांतलंच. काका खिडकीबाहेर बघत होते, जणू शेजारच्यांच्या घरचं काही चाललंय.

बाईंनी दोन वर्तुळं उचलून आपल्या बाहीला लावून पाहिली. मग चार लावली. मग खाली ठेवली.

"नाही होत," त्या म्हणाल्या. "चूक माझी. काका, रागावू नका."

 काकांनी चहा सांगितला. मावशी वर्तुळं गोळा करू लागली, संध्याकाळपर्यंत माळ परत करते असं औषधवालीला सांगू लागली. तेवढ्यात बाईंनी पर्समधून पाकीट काढलं आणि ती अकरा वर्तुळं एकेक करून त्यात भरली.

"चोरलं नाहीत, ते पटलं. पण कापड तर माझंच ना?"

 मावशीने इस्त्रीचं बटण बंद केलं. औषधवाली मात्र बोलली. तिच्या हातात अकरा उघडे मणी उरले होते, आणि टॅक्सीच्या सीटवरचे मणी कपड्यांशिवाय बघायची तिची तयारी नव्हती.

काकांनी तेव्हापासून नियम बदलला. आता प्रत्येक ड्रेसबरोबर एक पिशवी, तिच्यात त्या कापडाचा प्रत्येक कातरा, नखाएवढा असला तरी. तोंडाला गाठ. गिऱ्हाईक खूश. टेबलापाशी उभं राहणं बंद झालं, टेप घरी गेली, आणि काका पुन्हा मान वर न करता सव्वादोन सांगू लागले. कपाट दारावर राहिलं. गोणी रिकामी झाली. मावशी काकांच्या जुन्या सदऱ्यांवर आली आहे. कपाटात सध्या चार माळा आहेत, चारही निळ्या चौकड्यांच्या, आणि काका सदरा धुवायला टाकताना आधी विचारून घेतात की तो परत येणार आहे ना.

पण मावशीची खरी चिडचिड वेगळीच. गल्लीच्या कोपऱ्यावर कचऱ्याचा मोठा डबा आहे. एक दिवस ती तिथे गेली तर वरच काकांच्या दुकानाची पिशवी, गाठही न सोडलेली. तिच्याखाली दुसरी. आठवड्यात सात मोजल्या. पहिल्या तीन तिने उचलून आणल्या, तर काकांनी दारातच अडवलं. "परत ठेवून ये. उद्या कुणीतरी ओळखेल." डोळ्यांसमोर पिवळ्या फुलांचं उत्तम सुती कापड, मुंढ्याच्या चार सुरेख चंद्रकोरी, आणि ती स्वतःच्या हाताने डब्यात टाकून आली.

तेव्हापासून दुकानात जो येईल त्याला ती गाठते आणि एकच प्रश्न विचारते. कोट आखूड करायला आलेल्या वकिलालाही तिने सोडलं नाही. तो हसला आणि कोट कधी मिळेल ते विचारून गेला. बाई रस्त्यात भेटल्या तेव्हा तिने त्यांना वर्तुळांचं काय केलंत विचारलं. आहेत घरात कुठेतरी, म्हणाल्या.

"ड्रेसमध्ये गेलं ते त्यांचं, कबूल," मावशी म्हणते. बोटात सुई, मांडीवर काकांच्या सदऱ्याची बाही. "पिशवीत बांधून दिलं, तेही त्यांचं. बरं, डब्यात टाकल्यावर कुणाचं, ते सांगा ना कुणीतरी?"