कोडोलीच्या काहिलीतला फेस

कोल्हापूर सोडून गाडी कोडोलीच्या रस्त्याला लागली, तेव्हा कॅमेऱ्याची पेटी मी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेतली होती. शेजारी इंगा, नॉर्वेची संशोधक. वाफ, द्रव आणि गाळ एकत्र वाहताना फेस कसा चढतो, याचं गणित तिची तिकडची आणि माझी नाशिकची प्रयोगशाळा मिळून मांडत होत्या. साबणाच्या फेसावर ते जमलं होतं. आता खरा, उकळता फेस हवा होता, आणि तो गुऱ्हाळाशिवाय कुठे मिळणार?

कृष्णातदादांचं गुऱ्हाळ त्यांच्या उसाला लागूनच आहे. काहिलीत (रस उकळायच्या रुंद कढईत) पहिला रस तापला, फेस वर येऊ लागला, इंगा लॅपटॉपला चिकटली. तेवढ्यात दादांनी तेलाची धार सोडली. फेस क्षणात बसला आणि त्याबरोबर आमचं मोजमापही बुडालं.

"अहो दादा, तेल घालायचं नव्हतं ना!"

"हात आपसूक गेला की, मॅडम. फेस बघून गप बसायची सवय न्हाय आमाला."

इंगाचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. पुढच्या काहिलीला तेल घालू नका, अशी मी धीर करून विनंती केली.

"आन् उतू गेला म्हंजे? गूळ काय तुमच्या कंप्यूटरातनं काढायचा?"

"नाही जाणार. माझा शब्द."

शब्द तर देऊन बसले. वर्षभर राबून वाढवलेला ऊस त्यांचा, आणि हौस आमची! वहिनींनी भाकरीवर काकवी (गुळाचा पातळ पाक) वाढली. इंगाने ती पुन्हा पुन्हा मागून घेतली, मी अर्धी भाकरी तशीच ठेवून कॅमेरा लावायला उठले.

दुसरा रस चढला. वाफेने कॅमेऱ्याची काच धूसर होई, ती मी ओढणीने पुसत होते. जाड, पिवळा फेस काठाकडे सरकत होता. दादा तेलाचं भांडं धरून माझ्याकडे बघत होते आणि मी इंगाकडे. फेस काठाला टेकेपर्यंतचं चित्रण तिला हवं होतं, त्याशिवाय आकडे पूर्ण होणार नव्हते. जेमतेम चार बोटं उरली असतील, आणि ती लॅपटॉप सोडून ताडकन उठली.

"ऑइल! ऑइल!"

धार पडली, फेस बसला.

"आमच्यापरास पावणीच जास्त भ्याली की!" दादा खदखदून हसले. गूळ साच्यात पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.

परतीच्या वाटेवर इंगाला विचारलं, एवढ्या लांबून येऊन काठापर्यंत का थांबली नाहीस?

"वरची चार बोटं आपण प्रयोगशाळेत कशीतरी मोजू," ती म्हणाली. "त्यांचा रस कुठून आणला असता?"

नाशिकला घरी पोचल्यावर सगळ्यांनी विचारलं, झालं का काम? म्हटलं, थोडं राहिलं. आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.