रडव्या पक्षी मुबलक आहे

१७ मार्च, मंगळवार. सकाळपासून ढगाळ. धुलाईवाल्याकडून चादरी आल्या, एक अभ्रा कमी. दुपारी वीजकेंद्राचं धुराडं पाडलं. कपाटातल्या बशा हलल्या, फुटली एकही नाही. भाऊजी समारंभाला गेले होते, येताना फुकटची हिरवी टोपी घालून आले. म्हणाले, कोळशाचे दिवस संपले, आता हवा शुद्ध. धुरळ्यामुळे झोपेपर्यंत खोकत होते.

वहिनींच्या रोजनिशीत भाऊजी येत ते असेच, धुलाई आणि दूध यांच्या मधोमध कुठेतरी. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. लग्नाच्या भानगडीत ते पडले नाहीत आणि भावाच्या घरातली मागची खोली त्यांनी सोडली नाही. पुढे भाऊ गेला, वहिनींचे केस पांढरे झाले, पण मागच्या खोलीतलं खुर्च्यांचं विणकाम आणि त्यावरची शीळ काही थांबली नाही.

धंदा खुर्च्या विणण्याचा. घरामागे मोठी पाणथळ होती, तिच्यात पुरुषभर उंचीचे लव्हाळे. ते कापायचे, सावलीत वाळवायचे, कामाच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि मग पिळून त्यांचा दोर वळत वळत खुर्चीची बैठक विणायची. दोन्ही हात गुंतलेले, तोंड रिकामं. रिकाम्या तोंडाने माणसं चहाड्या करतात. भाऊजी पक्ष्यांचे आवाज काढत. कुठलाही पक्षी, हुबेहूब. वस्तीत त्यांचं नावच शीळभाऊजी पडलं होतं. तसं कुणी म्हटलं की ते लाजल्यासारखं करत, पण मान मात्र किंचित पुढे येई, पदक अडकवून घ्यायला करतात तशी.

वहिनी मिशनच्या शाळेत शिकलेल्या. शीळ म्हणजे गुंडांचं काम, हे तिथल्या सिस्टरांनी त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं.

"भाऊजी, ताटावर बसल्यावर तरी माणसात या," त्या म्हणत.

"माणसांत काय ठेवलंय वहिनी? एकाचा तरी सूर धड आहे का?"

पाणथळीतला रडव्या हा भाऊजींचा हुकमी पक्षी. मुठीएवढा, मातकट रंगाचा, दिसायला अगदीच गरीब. पण ओरडू लागला की आधी हट्टी पोरासारखा लांबलचक सूर, मग हुंदका, मग नाक ओढल्यासारखा आवाज. भाऊजींच्या लहानपणी ते इतके होते म्हणे, की आपलंच पोर रडतंय असं समजून बाया हातातलं काम टाकून मागच्या दारी धावत. मग वीजकेंद्र आलं. त्याचं गरम पाणी आणि राख पाणथळीत उतरू लागली. उन्हाळे लांबत गेले, पाणी लवकर आटू लागलं. रडव्याने काही तक्रार केली नाही. तो कमी कमी होत गेला. गेल्या वर्षी भाऊजींना एकच ऐकू आला होता, आणि तोही आपल्याच शिळेचा प्रतिध्वनी असेल अशी त्यांना शंका होती.

तर धुराडं पडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच आठवड्यात सूर्यविजेची योजना जाहीर झाली. कोळसा गेला हे उत्तमच झालं, याबद्दल वस्तीत दुमत नव्हतं. वाळत घातलेले कपडे काळे होणं कुणाला हवं असतं? पण सूर्याच्या तावदानांना जागा हवी. केंद्राचं कोळशाचं आवार मोकळं पडलं होतं, सपाट, उन्हात तळपणारं. ते देता येणार नाही असं कळलं, कारण तिथे योजना बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या विजेवरच्या गाड्या उभ्या राहणार होत्या. तेव्हा तावदानं बसणार होती पाणथळीवर, भराव घालून.

लव्हाळे गेले की खुर्च्या गेल्या, आणि खुर्च्या गेल्या की भाऊजी म्हणजे मागच्या खोलीतला एक म्हातारा, बाकी काही नाही.

पाणथळ बचाव समिती स्थापन झाली. अध्यक्ष भूगोलसर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांना समोर माणूस दिसला की नकाशा टांगावासा वाटे. त्यांनी नियम वाचून आणला.

"दुर्मीळ पक्षी सापडला तर पाणथळीला कुणाच्या बापाला हात लावता येत नाही," ते म्हणाले. "खांबांवर ऐकणारी यंत्रं लावणार आहेत. महिनाभर. यंत्राला रडव्या ऐकू आला पाहिजे, बस्स."

"आणि नाही आला तर?" कुणीतरी विचारलं.

सरांनी भाऊजींकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. भाऊजींची मान पुढे आली.

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "हे खोटं बोलणं झालं, भाऊजी."

"बोलणार कुठे आहे? शीळ घालणार."

"बरं, घाला. पण एकदाच घाला आणि घरी या."

इथेच सगळं फिसकटलं. एकदा रडले असते आणि घरी आले असते, तर आज पाणथळ सगळीच्या सगळी जागेवर असती. पण आयुष्यभर ज्याला फक्त खुर्च्यांनी ऐकलं, त्याला पहिल्यांदाच अधिकृत श्रोता मिळाला होता, आणि तोही मधे न बोलणारा! पहिल्या संध्याकाळी भाऊजी गुडघाभर पाण्यात उभे राहून एका नराचा आवाज काढून आले. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, नर आहे तर मादी नको का? लोक काय म्हणतील? तिसऱ्या दिवशी मादीला उत्तर देणारा शेजारचा नर आला. मग त्या दोघांचं भांडण झालं. पुढे पिल्लं झाली. उत्तरेच्या टोकाला एक म्हातारा रडव्या राहायला आला, त्याचा आवाज घोगरा, त्याला दमा. भाऊजी चिखलाने माखून परत येत आणि जेवताना बातम्या सांगत.

"वहिनी, धाकटी उडाली हो आज."

"पाय धुतलेत का?"

महिना संपला. यंत्रवाली आली. टापटीप, घाईची पोरगी. तिने खांबांवरची यंत्रं उतरवली आणि समितीसमोर निकाल वाचला. "अभिनंदन! रडव्या आहे. नुसता आहे असं नाही, मुबलक आहे! सगळ्या पाणथळभर आहे. अशी वाढ मी कुठेच पाहिली नाही."

टाळ्या पडल्या. भूगोलसरांनी भाऊजींना डोळा मारला.

"म्हणजे पाणथळ वाचली ना?" सरांनी विचारलं.

"वाचवायची गरजच नाही," पोरगी आनंदाने म्हणाली. "दुर्मीळ पक्ष्याला संरक्षण असतं. हा दुर्मीळ राहिलाच नाही. राखेतसुद्धा इतका फोफावलाय, तर भरावावर आणखी खूश राहील. मुबलक आहे असा शेरा मारलाय मी."

टाळ्या हातातच राहिल्या. मग सगळ्यांनी पुन्हा भाऊजींकडे पाहिलं, पण या वेळी त्यांची मान पुढे आली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी ठेवणीतला कोट घालून सूर्यविजेच्या योजनेच्या साहेबांच्या कचेरीत गेले. सोबत वहिनी होत्या, कारण भाऊजी वाटेतून परत फिरतील अशी त्यांना खात्री होती. साहेबांच्या खोलीत गार हवेचं यंत्र इतकं जोरात चालू होतं की साहेबांनी लोकरी बंडी घातली होती. भिंतीवर वितळणाऱ्या बर्फाचं मोठं चित्र.

"साहेब, ते पक्षी नाहीत. तो मी आहे," भाऊजी एका दमात म्हणाले.

"कोणते?"

"सगळे."

"पिल्लंसुद्धा?"

"पिल्लंसुद्धा."

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी शांतपणे मान डोलावली. "घरातही करतात," त्या म्हणाल्या. "जेवताना."

"हे बघा काका," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "यंत्र प्रमाणित आहे. तुम्ही नाही. उद्या कुणीही उठून म्हणेल, मी हत्ती आहे. नोंदवून घ्यायचं का आम्ही?"

"मग आणा यंत्र. दाखवतो."

यंत्र आणलं गेलं. टेबलावर ठेवलं गेलं. भाऊजींनी कोटाचं बटण काढलं, ओठ ओले केले आणि साहेबांच्या खोलीत रडव्या रडला. शेजारच्या खोलीतून एक कारकून बाई धावत आल्या, कुणाचं मूल पडलं म्हणून. यंत्रावर हिरवा दिवा लागला. साहेबांनी चष्मा लावून वाचलं.

"रडव्या. प्रौढ नर. प्रकृती उत्तम."

"पाहिलंत?" भाऊजी म्हणाले.

"पाहिलं ना," साहेब लिहू लागले. "म्हणजे हा पक्षी कार्यालयाच्या इमारतीतही आढळतो. मग त्याला पाणथळीची गरज आहे असं तरी कसं म्हणायचं?"

बाहेर पडल्यावर भाऊजी पायरीवर बसले. वहिनींनी त्यांच्या कोटाचं बटण लावून दिलं.

भराव सुरू झाला. मालमोटारी दगडमाती ओतत, आणि प्रत्येक मोटारीवर हिरवं पान रंगवलेलं. पलीकडचा अर्धा भाग पाहता पाहता गेला. भाऊजी मागच्या दारात बसून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी खुर्ची विणू लागले. पट्टी हातात सुळसुळे, बोटं कापे, आणि बसलेला माणूस उठला की खुर्ची त्याच्या विजारीला धरून ठेवी.

मग एके सकाळी साहेब घरी आले. स्वतः. मिठाईचा पुडा घेऊन.

"काका, तुमच्या कलेचा मी चाहता आहे," ते म्हणाले. "असं आहे, दर तीन महिन्यांनी पक्ष्यांचा आकडा वर कळवावा लागतो. पहिला आकडा इतका मोठा आला, आता तो खाली आला तर पंचाईत होते. काम थांबवावं लागतं, पक्षी परत येईपर्यंत. तेव्हा अधूनमधून तुम्ही जरा... पाय मोकळे करायला जाता तसं. ध्वनी सल्लागार असं पद आहे. मानधन आहे. ओळखपत्रही देऊ, फोटो लावून."

"म्हणजे तो मी होतो, हे तुम्हाला पटलंय?" भाऊजींनी विचारलं.

"कागदावर नाही," साहेब म्हणाले. "मनातून केव्हाच."

भाऊजींची मान पुढे येऊ लागली. ध्वनी सल्लागार! फोटोसकट! साहेब गेल्यावर ते खोलीत येरझारा घालू लागले.

"वहिनी, पद चांगलं आहे."

"हो."

"मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी करील."

"कोण करील? गावात एवढं रडणारं दुसरं आहे कोण?"

भाऊजी थांबले. ही स्तुती की टोमणा हे त्यांना ठरवता येईना. मग हळूहळू दुसरीच गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली आणि ते खुर्चीत बसले. आकडा खाली आला तर काम थांबतं. आकडा म्हणजे ते. काम थांबवायला मोर्चा नको, भूगोलसर नकोत. एका माणसाने तोंड मिटायचं, एवढंच.

हे 'एवढंच' भाऊजींच्या जिवावर आलं. शीळ त्यांना ठरवून येत नसे, श्वासाबरोबर येई. यंत्रं आता उरलेल्या लव्हाळ्यांच्या काठाला, घराच्या कुंपणापर्यंत लावलेली होती. विणताना त्यांनी लव्हाळ्याची ओली काडी दातात धरायला सुरुवात केली. अंघोळीला जाताना वहिनी त्यांच्या तोंडात बिस्किट कोंबत. साहेबांचा माणूस ओळखपत्र घेऊन आला, तेव्हा भाऊजींनी घसा दुखतोय अशी खूण केली. तो पुन्हा आला, भाऊजींनी पुन्हा खूण केली. ओळखपत्रातला त्यांचा फोटो फार छान आला होता. तो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि परत केला.

तीन महिन्यांनी यंत्रवाली आली आणि काठावर बसून खरोखरच रडली. रडव्या नाहीसा झाला होता. एकही नाही. मुबलक असलेला पक्षी भराव पडताच नामशेष, असा शेरा वर गेला आणि वरून हुकूम खाली आला. पक्षी परत येईपर्यंत काम बंद. मालमोटारी निघून गेल्या. अर्धी पाणथळ शिल्लक राहिली. तावदानं कुठे बसवायची असा प्रश्न आला, तेव्हा कुणाला तरी कोळशाच्या आवाराची आठवण झाली, आणि पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावरही उभ्या राहू शकतात हे सिद्ध झालं.

समितीने चहापान ठेवलं. भूगोलसरांनी आभार मानले ते नियमांचे. "आता शीळभाऊजी, होऊन जाऊ दे एक रडव्या!" ते म्हणाले.

भाऊजींनी नाही म्हणून मान हलवली. लोकांना वाटलं, म्हातारा भाव खातोय.

त्यानंतर काही दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, भाऊजी मागच्या दारात खऱ्या लव्हाळ्याची बैठक विणत होते, काडी दातात. वहिनी आत ताटं मांडत होत्या. उरलेल्या लव्हाळ्यांतून आधी एक लांबलचक सूर आला. मग हुंदका.

"भाऊजी!" वहिनी आतून ओरडल्या. "अहो, यंत्र आहे ना!"

भाऊजींनी दातातली काडी काढून दाखवली. तोंड बंद होतं. लव्हाळ्यांत कुणीतरी नाक ओढलं.

भाऊजींचे डोळे भरून आले, पण ते क्षणभरच. दुसऱ्या क्षणी ते धोतरात पाय अडकावा तसे धडपडत पाण्यात धावले. "गप रे गाढवा! गप! ऐकतंय ते! परत आलास असं लिहितील!" त्यांनी कुंपणाजवळची बादली उचलली आणि ती दगडाने बडवायला सुरुवात केली. पक्षी पुन्हा रडला, बादलीवर मात करून. तेव्हा सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या वहिनी पातेलं आणि झारा घेऊन मागच्या दारी आल्या, आणि त्यांनीही बडवायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. दोघं म्हातारी माणसं चांगला अंधार होईपर्यंत बडवत राहिली. तोवर लव्हाळे शांत झाले होते. तो गप्प बसला की उडून गेला, ते कळायला मार्ग नव्हता.

भाऊजी पाय धुऊन ताटावर बसले. वहिनींनी वाढलं, आवरलं, आणि झोपण्यापूर्वी रोजनिशी उघडून, रडव्याचं नाव न काढता, लिहिलं: शेगडीचा गॅस आज संपला, दुसरा सिलिंडर लावला. दूध आधीच तापवून झालं होतं.