काकांचा चहा आणि माझे आठ मिलिमीटर

हायब्रिड गाडीतला कन्व्हर्टर म्हणजे मोठ्या बॅटरीचे व्होल्ट उतरवून दिव्यांना, हॉर्नला वीज पुरवणारा डबा. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी त्याचं डिझाइन करत होते. गिऱ्हाइकाचा एकच धोशा होता: आणखी लहान करा. मीही इरेला पेटले होते. शेवटचे आठ मिलिमीटर काही केल्या निघेनात, तेव्हा मी एक रेझिस्टरच काढून टाकला.

त्याचं काम साधं. बटण बंद केलं तरी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट तुंबून राहतात, ते हळूहळू उतरवायचे. गाडीत ते काम दुसरा भाग करतो, मग हा हवा कशाला? पण आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर गाडी नसते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ते टेबल सांभाळायचे बेलवलीचे एक काका. त्यांचा नियम ठरलेला: बटण बंद, मग एक कप चहा, मगच झाकणाला हात. मला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

"काका, तुमचा चहा संपेपर्यंत पुण्याच्या कंपन्यांत चार डबे तयार होतात," मी चिडवायचे. ते हसायचे आणि बशीत चहा ओतायचे.

त्या दुपारी माझा नवा डबा टेबलावर आला. काकांनी बटण बंद केलं, चहा प्यायला, कप विसळून ठेवला. मग झाकण उघडून आत हात घातला.

फाट्‌कन आवाज झाला आणि काका खुर्चीसकट मागे कोसळले. जळका वास आला तरी मी तिथेच उभी, हातात माझंच ड्रॉइंग.

उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती. काका एक कप चहा पितात तेवढ्या वेळात रेझिस्टर त्याचं काम उरकायचा, हे मला त्यांच्या कॉटशी उभं राहिल्यावर कळलं.

काकांनी डोळे उघडले. "माझंच चुकलं, मॅडम. आज चहा गडबडीत प्यायलो वाटतं."

"नाही हो काका. चहा बरोबर होता. तो रेझिस्टर मीच काढला."

त्यांनी बँडेजकडे बघितलं.

"सांगायचं ना, मॅडम," ते म्हणाले. "मी थांबलो असतो."